पुढची पाटी

"पुढची पाटी."

उजव्या हाताची दोन बोटं जराशी वर. बोटात दर्भाचं पवित्रक, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी. नजर लॅपटॉपकडे नसायची, माझ्याकडे तर नसायचीच. ती समोर गंगेवर कुठंतरी. ते दोन शब्द आले की मी बटण दाबायचं.

पाटी म्हणजे स्लाइड. आणि हे बोलणारे म्हणजे पंचगंगा घाटावर श्राद्धं करणारे आमचे गुरुजी. त्यांचं नाव मी सांगणार नाही. नावांच्या बाबतीत ते फार कडक होते, का ते पुढे कळेलच.

तुम्ही म्हणाल, श्राद्धात स्लाइडचं काय काम? मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. मी पारोळ्याचा. शाळेत हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला करून मार खाल्लेला. दाजींची बँकेतली बदली काशीला झाली, ताईचं सामान लावायला म्हणून मी दोन महिन्यांसाठी आलो आणि मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत एका कम्प्यूटरच्या दुकानात चिकटलो तो चिकटलोच. झेरॉक्स, प्रिंट आणि कॉलेजच्या पोरांना प्रेझेंटेशनं नटवून देणं. त्यात माझा हात चांगला. विषय कितीही रटाळ असो, मी असं काही फिरवायचो, उडवायचो, चमकवायचो की परीक्षकानं विषय विसरून नुसतं बघत बसावं.

एका दुपारी गुरुजी दुकानात आले ते काखेत खरीखुरी पाटी घेऊन. दगडी, लाकडी चौकटीची.

"इथं मराठी बोलणारा मुलगा आहे म्हणतात. तू का?"

"हो."

"बोल बरं जरा."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"ठीक आहे. चालेल," ते म्हणाले आणि बसले.

महामारीत बाहेरगावचं कुणी काशीला येऊ शकत नव्हतं, तेव्हा त्यांनी मोबाइलवरून श्राद्धं सांगायला सुरुवात केली होती. मग ती पद्धत राहूनच गेली. म्हाताऱ्यांना प्रवास झेपत नाही, तरुणांना रजा मिळत नाही. पण घाटावर केवढा गलका असतो हे तुम्ही कधी आला असाल तर माहीत आहे. होड्यांची इंजिनं, भोंगे, मंत्र, भांडणं. पलीकडच्या यजमानाला आपल्याच पणजोबांचं नाव ऐकू यायचं नाही. म्हणून गुरुजी खडूनं नाव पाटीवर लिहून ती कॅमेऱ्यापुढे धरायचे. एक झालं की पुसायचं, दुसरं लिहायचं.

"पण बघ," त्यांनी पाटी माझ्यापुढे तिरकी धरली. "पुसलं तरी राहतं. खालून आधीच्या घरातला माणूस दिसतो. एका बाईंनी मला विचारलं, गुरुजी, आमच्या नावामागे हे कोण उभे आहेत?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"कम्प्यूटरवर नवी पाटी मिळते म्हणे. दर वेळी नवी."

"पाहिजे तेवढ्या."

"मग मला त्या पाहिजेत. आणि एक ध्यानात ठेव. जुनी पुसून लिहायचं नाही. नवी घ्यायची."

हे वाक्य त्यांनी मला नंतर किमान शंभरदा ऐकवलं असेल. मी शंभरदा मान हलवली.

पहिली फाइल मी जीव ओतून केली. मागे सोनेरी सूर्योदय, कोपऱ्यात हलती पणती, आणि वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं एकाखाली एक, ठिपके देऊन. शिवाय आजोबांचं नाव गोल गोल फिरत यायचं. गुरुजींनी ते सगळं शांतपणे पाहिलं.

"आजोबा गिरक्या का घेताहेत?"

"इफेक्ट आहे, गुरुजी."

"त्यांना बसव. आणि तीन माणसं एकाच खाटेवर का निजवलीस? घर लहान आहे का?"

त्या दिवशी नियम ठरला. एका पाटीवर एकच माणूस. वर गोत्र, मध्ये नाव, खाली नातं. काही उडणार नाही, फिरणार नाही. सूर्योदय गेला, पणती गेली. घाटावरच्या उन्हात पांढरा रंग डोळ्यांत घुसायचा, म्हणून पोथीच्या जुन्या कागदाचा रंग मागे आला आणि त्यावर ठसठशीत काळी अक्षरं. कॉलेजच्या पोरांपुढे मी सजवायला शिकलो होतो. गुरुजींनी मला एकेक वस्तू घराबाहेर काढायला शिकवलं.

त्यांची नजर भलतीच बारीक. दक्षिणेकडे तोंड करून बसायचं असतं, म्हणून मी पाटीवर "दक्षिण" लिहून खाली रोखलेला बाण काढला होता. एक यजमान पूर्ण वेळ मान खाली घालून जमिनीकडे बघत बसला. "बाण काढून टाक," गुरुजी म्हणाले. "त्याला मोबाइलमधलं होकायंत्र बघायला सांगू. तो बिचारा पाताळात दक्षिण शोधतो आहे."

आधी आम्ही फाइल यजमानांनाच पाठवून द्यायचो, त्यांनीच पाट्या सरकवाव्यात म्हणून. पण त्यांची बोटं भातानं आणि तिळांनी माखलेली, मोबाइल ती बोटं ओळखेच ना. अमेरिकेतल्या एकाला मी लिंक पाठवली, तर ऐन मुहूर्तावर त्याचा निरोप आला, फाइल उघडायला परवानगी द्या. गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बापाच्या श्राद्धाला परवानगी कसली मागतो आहे? दे रे त्याला, चटकन दे!" त्यानंतर घाटावर लाकडी चौकीवर लॅपटॉप, शेजारी मी, आणि माझ्याकडून स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी व्यवस्था झाली. नाव मात्र यजमानानं स्वतः वाचायचं, मोठ्यानं. "माझ्या तोंडून नको. तुमचा माणूस आहे, तुम्ही हाक मारा."

सगळ्यात मोठा घोळ जानव्याचा व्हायचा. पितरांच्या कामात जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घ्यायचं असतं. पडद्यावर गुरुजी समोर बसलेले, त्यामुळे त्यांचा उजवा खांदा यजमानाला आपल्या डाव्या बाजूला दिसायचा. माणूस आरशात बघितल्यासारखा उलटसुलट करत बसायचा. एकानं तर जानव्यात स्वतःला असं गुंडाळून घेतलं की त्याच्या बायकोला येऊन सोडवावं लागलं. मी बाण, रंग, चित्रं, सगळं करून पाहिलं. गुरुजी दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चेहरा कशाला दाखवतोस? पाठ दाखव. आपण कुणाच्यातरी मागे उभे आहोत असं वाटलं की माणूस चुकत नाही."

आणि घाटाच्या पायरीवर गंगेकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसले. मी फोटो काढला. उघडी पाठ, मानेशी पांढरे केस, उजव्या खांद्यावरून उतरलेलं जानवं, पलीकडे पाणी. ती आमच्या प्रत्येक फाइलीतली पहिली पाटी झाली. त्यानंतर एकही यजमान चुकला नाही. एवढी चांगली स्लाइड मी आयुष्यात दुसरी केलेली नाही, आणि तीही माझ्या डोक्यातली नव्हे.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती टाळून चालणार नाही.

मी गुरुजींची नक्कल करायचो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दोन बोटं वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि "पुढची पाटी!" पोरं लोटपोट व्हायची. एकदा अशीच मैफल रंगली होती आणि पोरांचं हसू अचानक थांबलं. मागे गुरुजी उभे. माझी बोटं वरच राहिली.

"आवाज ठीक आहे," ते म्हणाले. "बोटंही ठीक. पण बहुरूप्या, मी बोलण्याआधी थांबतो. तू थांबत नाहीस."

तेव्हापासून मी बहुरूप्या.

त्या वर्षी पितृपक्षात कामं एवढी आली की दुकान आणि घाट सांभाळता सांभाळता माझी दमछाक झाली. दर घरासाठी नवी फाइल करायची, नावं एकेक करून लिहायची, म्हणजे दोन तास. मी काय केलं, नागपूरच्या एका घराची फाइल घेतली, तिची दुसरी प्रत काढली आणि जुनी नावं शोधून तिथं नवी टाकायची कमांड दिली. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. मीच माझी पाठ थोपटली.

त्या नागपूरच्या फाइलीत पणजोबांचं नाव त्र्यंबक होतं. गुरुजींच्या जुन्या लॅपटॉपवर त्या नावातलं पहिलं अक्षर फुटून चौकोन दिसायचे. म्हणून मी ते नाव दुकानातल्या कम्प्यूटरवर लिहून त्याचं चित्र चिकटवलं होतं. आणि चित्रातलं नाव त्या कमांडला दिसत नाही. मला हे माहीत होतं. कॉलेजच्या पोरांना मीच शिकवायचो.

ठाण्याच्या एका घराचं श्राद्ध होतं, अष्टमीचं. मुलगा वाचत होता. वडिलांचं नाव बरोबर, आजोबांचं बरोबर. तिसऱ्या पाटीवर त्यानं वाचलं, त्र्यंबक. नेमकी तेव्हाच एक मोटरबोट भोंगा वाजवत घाटाला लागत होती, गुरुजींची नजर नेहमीसारखी पाण्यावर होती. आणि मी? मी मोबाइलवर कुणाच्यातरी विनोदावर हसत होतो. ठाण्याच्या घरात कुणी हरकत घेतली नाही, कारण पणजोबांचं नाव त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. ते गुरुजींच्या जुन्या वहीत होतं, सखाराम म्हणून.

दोन दिवसांनी मी तीच फाइल तिसऱ्या घरासाठी वापरायला उघडली आणि त्र्यंबक माझ्यासमोर आले.

सांगू का, पहिला विचार काय आला? कुणाला कळणार आहे! खरंच कुणाला कळणार नव्हतं. फाइल बदलायला दहा सेकंद. मी बदललीही. मग दिवसभर मला एकही नक्कल सुचेना. संध्याकाळी ताईनं विचारलं, "ताप आलाय का रे तुला?" मी म्हटलं, नाही. रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींच्या घरी गेलो.

ते एकटेच राहायचे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. ओसरीवर ताटात तांदूळ निवडत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. प्रत काढली, कमांड दिली, चित्र राहिलं.

त्यांची बोटं तांदळात फिरत राहिली. एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"त्र्यंबक कुणाचे?"

"नागपूरवाल्यांचे."

आणखी एक खडा.

"म्हणजे त्यांना दोनदा मिळालं." ताट जरासं हलवलं. "सखारामांना नाही मिळालं."

बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडून घ्यायची सवय होती.

"गुरुजी, फाइल मी नीट केली आहे. आता सगळं बरोबर आहे."

"फोन लाव ठाण्याला."

"अहो, त्यांना कळलेलंच नाही!"

"म्हणून तर लाव."

मी हात जोडले. म्हटलं, निदान माझं नाव सांगा, गलती माझी आहे. ते म्हणाले, "वही माझी, पाटी माझी. तू बटण. बटणाला काय कळतं?" आता आठवलं की वाटतं, त्यांना मला त्याहून मोठी शिक्षा देताच आली नसती.

फोन स्पीकरवर होता. गुरुजी म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. आपल्या पणजोबांच्या जागी दुसऱ्या घरातलं नाव वाचलं गेलं."

मुलगा भला होता. हसून म्हणाला, "चालतंय हो गुरुजी. आम्हाला तरी कुठे माहीत होतं त्यांचं नाव?"

"तुम्हाला माहीत नाही, म्हणूनच मला चुकून चालत नाही. सर्वपित्रीला परत करू. ज्यांचं राहिलं त्यांचं अमावास्येला करता येतं. त्यानंतर मग वर्ष जातं."

"अमावास्येला? अहो, त्या दिवशी सकाळी ऑफिसात माझं प्रेझेंटेशन आहे. मोठी मंडळी येणार आहेत."

"किती पाट्यांचं?"

"म्हणजे? स्लाइड ना? असतील चाळीस."

"माझी एकच आहे," गुरुजी म्हणाले.

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. मग, "तुम्हीच आमच्या वतीनं उरकून टाका ना, गुरुजी. प्लीज." आणि फोन बंद झाला.

मुलानं वाईट मनानं नव्हे, पण आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ही गंमत लिहिली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीतल्या तीन घरांनी कळवलं, यंदा राहू द्या. घाटावरही बातमी पोचली. शेजारच्या छत्रीखालचे पंडितजी मोठ्यानं म्हणाले, "महाराज, कम्प्यूटर का पिंड किसके पेट में गया?" लोक हसले. गुरुजी दर्भ मोजत राहिले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार तोच त्यांनी माझा गुडघा दाबला.

"बस. सवाल बरोबर आहे त्यांचा."

जिन्यावरून वर येताना मी म्हटलं, "कशाला सांगितलंत गुरुजी? इतक्या वर्षांचं नाव गेलं तुमचं."

ते आलमगीर मशिदीच्या भिंतीशी दम घ्यायला थांबले. त्या पायऱ्या त्यांना आताशा चढवत नव्हत्या. "माझं नाव घ्यायला लोक आहेत रे. हे पंडितजी घेतात, तू घेतोस, नकला करून का होईना. सखारामांचं घ्यायची वर्षातली एकच वेळ होती. ती आपण दुसऱ्याला देऊन टाकली."

आपण म्हणाले. तू म्हणाले नाहीत.

अमावास्येच्या आदल्या दिवशी ठाण्याहून फोन आला. मुलाची आई. आवाज थकलेला, पण खणखणीत.

"गुरुजी, मुलगा म्हणाला तुम्ही परत करणार होता."

"हो माई. पण त्यांना वेळ नाही."

"मला आहे. मी केलं तर चालेल का? बाईमाणसानं?"

गुरुजी बोलण्याआधी थांबले. नेहमीसारखेच, पण जरा जास्त. "शास्त्राचं मी बघून घेतो. तुम्ही फक्त नाव वाचा."

त्या संध्याकाळी मी कोरी फाइल उघडली. कशाचीही प्रत नाही. स, मग खा, मग रा, मग म. एकेक अक्षर लिहिलं, मोठ्यानं वाचलं, गुरुजींच्या वहीशी जुळवलं. गुरुजी शेजारी बसून होते. झाल्यावर म्हणाले, "आता याच्यापुढे आणखी एक पाटी घे. नवी."

"काय लिहू?"

"काही नाही. कोरी ठेव."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"ही चूक तू पकडलीस म्हणून कळली. पकडल्या न गेलेल्या किती असतील? माझ्याच हातून किती झाल्या असतील, त्या खडूच्या पाटीवर? ते लोक कुठे जातील? त्यांच्यासाठी जरा वेळ ठेव. पाच श्वास."

सर्वपित्रीला घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ठाण्याच्या स्वयंपाकघरात माई पाटावर बसल्या होत्या, समोर ताम्हन, तांब्या, तीळ. मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला. एकट्याच. मुलगा ऑफिसात गेलेला.

"पुढची पाटी."

माईंनी चष्मा सारखा केला. पाटीकडे बघितलं आणि वाचलंच नाही.  परत काही चुकलं का?

"सखाराम," त्या हळूच म्हणाल्या. "अगंबाई. हे नाव मी ऐकलंय. माझ्या लग्नात. भटजींनी ह्यांच्या आजोबांचं म्हणून घेतलं होतं. मी अंतरपाटामागे होते. तेव्हा मला वाटलं होतं, किती साधं नाव आहे." मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, गोत्रासकट, आणि पाणी सोडलं. ताम्हनात पडलेल्या पाण्याचा आवाज इथपर्यंत आला. शेजारचे पंडितजी त्यांचं काम थांबवून आमच्या पडद्याकडे बघत होते. 

"पुढची पाटी."

मी बटण दाबलं. पोथीच्या रंगाचा रिकामा पडदा.

"गुरुजी," माई म्हणाल्या, "स्क्रीन गेली वाटतं."

"गेली नाही. थांबा."

पाच श्वास. गंगेवरून एक होडी गेली. माईंनी काय समजायचं ते समजून, न सांगता, आणखी थोडं पाणी सोडलं.

तेव्हापासून ती कोरी पाटी प्रत्येक फाइलीत शेवटी असायची. दर वेळी पलीकडून कुणीतरी म्हणायचंच, नेट गेलं, स्क्रीन गेली, हँग झालं. दर वेळी गुरुजींचं तेच, "गेली नाही. थांबा." मी त्याचीही नक्कल बसवायचा प्रयत्न केला. जमली नाही. मी चौथ्या श्वासालाच हसायचो.

गेलेली घरं हळूहळू परत आली, एक सोडून. गुरुजींनी कुणाला बोलावलं नाही, कुणाला विचारलंही नाही. पुढे त्यांना पायऱ्या उतरणं जमेना. मग दोघं धरून उतरवायचो, मी आणि त्यांचा पुतण्या. खाली बसले की आवाज तसाच.

गेल्या पौषात ते गेले. थंडी छातीत बसली, तीन दिवसांचं दुखणं. शेवटच्या दुपारी मी गेलो होतो तेव्हा डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, गुरुजी, मी आहे. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जराशी उचलली. मी बघत बसलो, ते काही बोलतील म्हणून. बोटं खाली गेली.

बाराव्या दिवशी घाटावर पुतण्यानं सपिंडी केली. गेलेल्या माणसाला त्या दिवशी त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांमध्ये नेऊन बसवतात. गुरुजींची धाकटी बहीण पुण्याला असते, गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती. तिच्यासाठी मी लॅपटॉप लावला. पाट्या मीच केल्या होत्या. कोऱ्या फाइलीतून. त्यांच्या नावाची पाटी लिहायला मला अख्खी दुपार लागली. चार अक्षरांचं नाव.

पहिली पाटी नेहमीचीच होती, जानवं कसं घ्यायचं त्याची. खरं तर तिची गरज नव्हती. पुतण्याला शिकवायला नको आणि पुण्याच्या आत्याबाई नुसत्या बघणार होत्या. पण तिच्याशिवाय फाइल सुरूच व्हायची नाही, माझा हातच जायचा नाही. मी बटण दाबलं. उघडी पाठ, मानेशी पांढरे केस, पलीकडे पाणी. पुतण्यानं एकदा तिकडे बघितलं आणि आपलं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं.

"हा दादाच ना?" पुण्याहून आवाज आला. "पाठ बघूनच ओळखलं मी."

मग त्यांचं नाव. मग वडील. मग आजोबा. मग पणजोबा. एका पाटीवर एकच माणूस. पुतण्या वाचत होता, मी सरकवत होतो. पुढची पाटी म्हणायला कुणी नव्हतं, मी अंदाजानं दाबत होतो. शेजारच्या छत्रीखालचे पंडितजी हात जोडून उभे होते.

शेवटी कोरी पाटी आली.

"अरे बाळा," आत्याबाई म्हणाल्या, "स्क्रीन गेली का रे?"

देवाशपथ सांगतो, मी नक्कल करायला गेलो नव्हतो. माझं तोंड उघडलं, आणि मी थांबलो. मग आवाज आला तो माझा नव्हता.

"गेली नाही. थांबा."

पुतण्याच्या हातातलं तीळ-पाणी तसंच राहिलं.  मग पुण्याहून, अगदी लहान मुलीसारखं,

"बरं, दादा."

मी बटणावरून बोट काढून घेतलं. तो रिकामा, पोथीच्या रंगाचा पडदा तसाच राहिला. त्यावर गंगेवरून आलेलं ऊन हलत होतं. पुढची पाटी कुणी मागितली नाही.